बाइया रातोरात बुडालं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेपल्सजवळच्या बाइया इथल्या, पाण्याखाली गेलेल्या रोमन महालांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. विषय उत्तम, पण ‘भूकंपाने रातोरात गडप झालेलं शहर’ हे चूक आहे. बाइया ज्या पॉझ्झुओलीच्या आखातावर आहे, त्याखाली ज्वालामुखी आहे. तिथली जमीन फुगते, बसते. बाइयाचा किनारा शतकानुशतकं असा हळूहळू खचत गेला. उलटही घडतं. १९८२ ते १९८४ या काळात शेजारचं पॉझ्झुओली गाव सुमारे १.८ मीटर वर उचललं गेलं आणि बंदर बोटींना उथळ पडलं. गावातल्या रोमन बाजाराच्या संगमरवरी खांबांना, माणसाच्या डोक्याच्याही बऱ्याच वर, शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत. जमीन खचून खांब तिथवर समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले, त्याची ही खूण.

लेखासोबतच्या छायाचित्रातले पुतळेही मूळ नव्हेत. सम्राट क्लॉडियसच्या भोजनदालनातले मूळ पुतळे बाइयाच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात ठेवले आहेत. पाण्यात, साधारण ५ मीटरवर, उभ्या आहेत त्या प्रतिकृती.

आता तिथे उतरू इच्छिणाऱ्यांसाठी. २००२ पासून हे संरक्षित क्षेत्र आहे, त्यामुळे परवानाधारक केंद्राचा वाटाड्या लागतोच. ‘५ मीटर काय, आमची विहीर याहून खोल!’ असं आपल्याकडे कुणीही म्हणेल. खरी गोम तिथेच आहे. विहिरीत सूर मारणाऱ्याला श्वास कोंडून धरायची सवय असते आणि त्यात फुप्फुस फाटण्याचा धोका नाही, कारण ती हवा वरून घेतलेली असते. पाठीवरच्या टाकीतली हवा ५ मीटरवर छातीत भरून घेतली, तर वर येईपर्यंत ती दीडपट होते. श्वास कोंडला तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा. उतरताना कान दुखायची वाट न पाहता दर मीटरला नाक दाबून हवा कानाकडे ढकलायची. गोड्या पाण्यात शिकलेल्यांना समुद्रात खाली जायला अंगावर दोन-तीन किलो शिशाचं वजन जास्त बांधावं लागतं. पण अंदाजाने जास्तीचं शिसं बांधलं की माणूस तळाला घासत जातो, पायातल्या फिन्सनी गाळ उठतो आणि मागच्यांना काही दिसत नाही.

त्या गाळाखालीच तर खरा ऐवज आहे. एका महालात काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची षटकोनी नक्षीची फरशी आहे. वाटाड्या हाताने पाणी हलवून वाळू बाजूला सारतो, फरशी दाखवतो आणि वाळू पुन्हा पसरतो. अनेकांना हा देखावा वाटतो. पण उघड्या फरशीवर उजेडाने शेवाळ धरतं, दगड पोखरणारे जीव बसतात. वाळूखाली उजेड नाही, प्राणवायूही जेमतेम. सुट्टा तुकडा खिशात टाकणं हा गुन्हा आहे, शिवाय एक तुकडा निघाला की शेजारचे सैल होतात.

आपल्याकडे उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं मंदिर उघडं पडतं आणि गर्दी होते. तिथला दगड भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. कायम पाण्यात असलेल्या दगडापेक्षा हा लवकर सुटतो. ओल्या भिंतींवर फोटोसाठी चढणं आणि तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणं, दोन्ही टाळावं. उन्हाळ्यात मंदिराची बातमी येईल तेव्हा छायाचित्राखाली एवढी ओळ छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर