टर्बोचा पाइप जमला, तुमच्यामुळे!

गाडीच्या टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) इंटरकूलरपर्यंतचा (ती हवा थंड करणारा भाग) पाइप स्वतःच बनवायचं ठरवलं तेव्हा टिग वेल्डिंगमध्ये (विजेच्या ठिणगीने, म्हणजे आर्कने, धातू वितळवून जोडणं) मी अगदीच नवखा होतो. ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत, अशा अनेकांनी वेळात वेळ काढून सांगितलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

विशेष आभार, ‘पाइपची तोंडं बंद करा, एक बारीक भोक ठेवा आणि आतून आर्गॉन (हवेला दूर ठेवणारा वायू) सोडा’ असं बजावणाऱ्यांचे. वेल्डिंग करताना स्टेनलेसला आतून हवा लागली की जोडाची मागची बाजू जळक्या साखरेसारखी खरबरीत होते, आणि तिचे कण सुटले तर पुढे इंजिनच आहे.

ब्रेक क्लीनरबद्दल ज्यांनी खडसावलं त्यांचं ऋण वेगळंच. क्लोरीनवाला क्लीनर पाइपवर राहिला तर आर्कखाली फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. असिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच टॅक (तुकडे जागेवर धरणारे वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा.

‘दोन तुकड्यांमध्ये फट दिसली तर कडा पुन्हा घासा’ म्हणणाऱ्यांचा तेव्हा राग आला होता, खरं सांगतो! सिलिकॉन होज निसटू नये म्हणून पाइपच्या टोकाला बीड (उंचवट्याची कडा) काढायला सुचवणाऱ्यांचेही आभार.

साबणाचं पाणी लावून हवा भरली, कुठेही बुडबुडा नाही. आता डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप) करायला घेतोय, म्हणजे पुन्हा तुम्हालाच त्रास.