मिल बुडवली कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मिलचा विषय निघाला की आमच्या सोलापुरात कुणीतरी हटकून म्हणतोच, 'कामगारांनीच बुडवली.' माझे आजोबा तिथे साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते. त्यांचा पितळी बिल्ला आजी दर दिवाळीला चिंचेने घासायची. घासून घासून त्यावरचा नंबर पुसट झाला होता. त्यामुळे हे वाक्य मला जरा जास्तच टोचते, हे आधीच कबूल करतो.

मुरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी'ची ही मिल 1877 मध्ये सुरू झाली. नंतर दुसऱ्या मिल आल्या, तशी ही 'जुनी' झाली. 1949 च्या जुलैत संचालकांनी मिल बंद करण्याची नोटीस लावली आणि ऑगस्टात साचे थांबले. जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने फक्त या एका कंपनीसाठी वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. मिल या थराला का आली, ते कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिले आहे : गैरव्यवस्थापन आणि हेळसांड. संपाचा त्यात उल्लेखही नाही.

गंमत अशी की, हा कायदा मी वाचला तो पुण्यात, वकिलीच्या वर्गात. चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. 4 डिसेंबर 1950 ला तीन विरुद्ध दोन मतांनी त्यांचा अर्ज फेटाळला गेला. त्याआधीच नव्या संचालकांनी प्रेफरन्स शेअरवाल्यांकडे (म्हणजे लाभांशावर आधी हक्क असणाऱ्यांकडे) प्रत्येक शेअरच्या किमतीपैकी भरायचे उरलेले 50 रुपये मागितले होते. द्वारकादास श्रीनिवास यांनी त्याला आव्हान दिले आणि डिसेंबर 1953 मध्ये ते जिंकले. अशा निकालांमुळेच, सरकारने मालमत्ता घेतल्यावर द्यायच्या भरपाईबद्दलची 1955 ची चौथी घटनादुरुस्ती झाली. देशभरातली कायद्याची पोरे 'सोलापूर मिल केस' पाठ करतात, आणि इथल्या रिक्षावाल्याला 'जुनी मिल' म्हणजे फक्त एक स्टॉप.

साठच्या दशकात मिल कायमची बंद पडली. भोंगा गेला, जागेचे भाव तेवढे उरले. त्या भावांवर आपण पानेच्या पाने छापता. महापालिकेला माझी एवढीच विनंती आहे की, जुनी मिल कंपाउंडच्या तोंडाशी एक फलक लावावा आणि त्यावर त्या कायद्याचे पहिले वाक्य मराठीत लिहावे. भाषांतर मी फुकट करून देईन.

आपला,
एक वाचक, सोलापूर