अक्का, तुम्ही तिला जाऊ दिलंत

प्रिय अक्का,

सप्रेम नमस्कार.

नाव छापू नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे. बेळगावात, शहापुरात, तिकडं खानापूर-निपाणीला माझ्यासारख्या कितीतरी आया आहेत. त्यांची पोरगी मोबाइलवर बॅले बघते आणि घरभर टाचा उचलून फिरते, पण पुढं काय करायचं हे सांगणारं त्यांना कुणी नसतं. मला तुम्ही होतात. तुम्ही भरतनाट्यम शिकवता, बॅले तुमची कला नाही. तरीही माझ्या लेकीला बॅलेच्या चांगल्या शाळेत घालण्यासाठी तुमच्याइतकं कुणी झटलं नाही, आणि त्यासाठी तुम्ही तुमच्या वर्गातली एक तयार होत आलेली मुलगी हातची सोडलीत.

तुमचा पहिला उपकार म्हणजे तुमचा नकार. उन्हाळी सुट्टीतल्या एका शिबिरात तिला थोडं बॅले शिकवलं होतं आणि समारोपाच्या कार्यक्रमात सात-आठ वर्षांच्या मुलींना पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या शेंड्यावर उभं राहायचे टणक टोकाचे बूट, घालून उभं करायचं ठरलं होतं. आम्ही गुलाबी सॅटिनचे बूट मागवायच्या बेतात होतो. तुम्हाला कळलं तशा तुम्ही संध्याकाळी घरी आलात, तिचा पाय मांडीवर घेतलात, घोटा फिरवून बघितलात आणि म्हणालात, "हे बूट आत्ता आणायचे नाहीत." मग आम्हा दोघांना बसवून समजावलंत. या वयात पावलाची हाडं पुरती भरलेली नसतात, वाढीची टोकं अजून मऊ असतात. बोटांच्या शेंड्यावर सगळं अंग तोलायचं तर घोटा, पोटरी, पोट आणि पाठ यांत ताकद लागते, आणि ती मऊ तळव्याच्या साध्या चपलांमध्ये कित्येक वर्षं सराव केल्यावर येते. चांगल्या शाळा साधारण अकरा-बारा वर्षांच्या आत हे बूट देतच नाहीत, आणि त्यानंतरही नुसतं वय बघून देत नाहीत, त्या मुलीचा पाय बघून ठरवतात. मुंबई-बंगळूरकडच्या तुमच्या जुन्या मैत्रिणींना फोन करून तुम्ही हे सगळं आधी पक्कं विचारून घेतलं होतं. दुसऱ्याच्या पोरीसाठी एवढी चौकशी कोण करतं, अक्का?

तिनं शिबिरातला तो नाच साध्या चपलांवर केला. थोडी रडली. नंतर विसरली.

शाळा शोधायला लागलो तेव्हा आम्ही सगळं चुकीचंच बघत होतो असं नाही, पण नजर जात होती ती फोटोंवर, वार्षिक कार्यक्रमांच्या झगमगाटावर. तुम्ही आम्हाला जमिनीकडं बघायला शिकवलंत. सिमेंटवर थेट फरशी असेल तर तिथं उड्या मारून नडग्या आणि गुडघे दुखावतात, म्हणून लाकडाची, खाली पोकळी ठेवलेली, उडीखाली किंचित दबणारी जमीन हवी. भरतनाट्यममध्ये पाय आपटायचा असतो, तरी तुम्ही स्वतः कडाप्प्याच्या फरशीवर वर्ग घेत नाही, हे मला तेव्हा उमगलं. मग विचारायला सांगितलंत की शिकवणारी व्यक्ती कुणाकडं, किती वर्षं शिकली. रॉयल अकॅडमी ऑफ डान्स ही १९२० साली लंडनला निघालेली संस्था, तिच्या परीक्षा आपल्या देशातही होतात. त्या परीक्षांना बसवत असतील तर चांगलं, पण वर्षभर नुसती परीक्षेचीच घोकंपट्टी होत असेल तर दुसरी शाळा बघा, असंही म्हणालात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तिथं पाय कसे बाहेर वळवून घेतात ते बघा. पाय मांडीच्या सांध्यातून, खुब्यातून वळला पाहिजे. खुबा वळत नसताना नुसती पावलं ओढून बाहेर फिरवली तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. अरमंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या गुडघे बाहेर वाकवलेल्या अर्ध्या बैठकीत, बसताना तुम्ही तिला नेमकं हेच सांगत होतात, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. त्यामुळं हा मुद्दा तिला समजावावा लागलाच नाही.

पुण्याला आमच्याबरोबर आलात, त्या दिवसाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. माझं माहेर तिथं, म्हणून पुण्याचीच शाळा बघायची ठरलं होतं. रात्रभर बसचा प्रवास, तुमची पाठ दुखत असताना. पिशवीत कुंद्याचा पुडा, कारण रिकाम्या हातानं दुसऱ्या गुरूच्या दारात जायचं नाही. त्या बाईंनी पालकांना पूर्ण वर्ग बघू दिला, तिथंच तुमचा चेहरा जरा सैल झाला. छोट्या मुली बारकडं, म्हणजे भिंतीलगतच्या आधाराच्या दांडीकडं, तोंड करून, दोन्ही हात बारवर ठेवून उभ्या होत्या. प्लिए म्हणजे गुडघे वाकवून खाली जाणं आणि वर येणं. तांद्यू म्हणजे पाय जमिनीला घासत पुढं नेणं, बोटं ताणणं, परत आणणं. पुढं, बाजूला, मागं. पुन्हा पुढं. मधूनच बाई एखादीच्या पोटावर बोट टेकवायच्या, एखादीचा खांदा खाली करायच्या. कुणाचा पाय ओढला नाही, कुणाला पाय पूर्ण फाकवून स्प्लिटमध्ये दाबून बसवलं नाही. मला खरं सांगायचं तर मनातून धाकधूक होती की एवढ्या लांब आलो आणि नाच तर काही दिसलाच नाही. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "तासभर पोरींनी पाय पुढं नेला आणि मागं आणला. ही शाळा खरी आहे." ह्यांना बेळगावला आल्यावर हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, आमच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांतही नव्या पोराच्या हातात आधी कानसच देतात, लेथला हात लावायला पुष्कळ दिवस जातात. त्यांचा होकार तिथं पक्का झाला.

नंतर बाईंनी तिला तपासलं. पाठीवर निजवून, गुडघे वाकवून, पाय बाहेर किती उघडतात ते पाहिलं. पाठीचा कणा, गुडघे, पावलाची कमान बघितली, उड्या मारायला लावल्या, पियानोच्या चालीवर टाळ्या वाजवायला सांगितल्या. तीन मात्रांचा वॉल्ट्झ लागला तशी ही आपली हळूच "तकिट तकिट" म्हणत टाळी देऊ लागली. बाईंनी विचारलं हे काय, आणि मग तुम्ही दोघी तिस्र आणि चतुस्रवर, म्हणजे तीन आणि चार मात्रांच्या लयीवर, बोलत बसलात ते आमची उपस्थिती विसरूनच. तुमच्याकडं तिचं जे शिक्षण झालं ते वाया गेलं नाही हे मला तिथं डोळ्यांनी दिसलं. लय, नजर, उभं राहण्याची शिस्त, गुरूसमोर गप्प राहून ऐकण्याची सवय, हे सगळं ती तुमच्याकडून घेऊन गेली.

घरचा अडसर वेगळाच होता. सासूबाईंना ते अंगाला चिकटणारे कपडे पटत नव्हते, आणि त्यात मला त्यांना दोष द्यायचा नाही. त्यांनी आयुष्यात असलं काही बघितलंच नव्हतं. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. चहा घेता घेता सांगितलंत की गुडघा आणि खुबा शिक्षकाच्या नजरेला दिसला नाही तर चूक कळणार कशी, आणि न कळलेली चूक पुढं दुखणं होऊन बाहेर येते. त्यांनी ऐकून घेतलं. मग तुम्ही म्हणालात की तिथं केसांचा घट्ट आंबाडा लागतो, एकही बट सुटलेली चालत नाही, आणि तो घालायला हिच्या आईला जमत नाही. झालं! पहिल्या दिवसासाठी जाळी, आकडे, तेलाचं बोट सगळं सासूबाईंनी स्वतः तयार ठेवलं. मलाही शिकवून पाठवलं. आता पुण्यात रोज मी घालते तो आंबाडा त्यांच्याच हाताचा आहे.

खरा कठीण प्रसंग तुमच्यावर होता. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात तिला एकटीनं अलारिप्पू, म्हणजे भरतनाट्यमच्या कार्यक्रमातला सुरुवातीचा नाच, करायचं होतं, तुम्ही तिची तयारी करून घेत होतात. अशा वेळी आम्ही येऊन विचारलं, हिला बॅलेलाच घालावं का. तुम्ही थोडा वेळ काही बोलला नाहीत. मग रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची गोष्ट सांगितलीत. त्या आधी बॅले शिकल्या होत्या, प्रसिद्ध रशियन बॅले नर्तिका ॲना पावलोव्हाच्या कंपनीतल्या क्लिओ नॉर्डी यांच्याकडं, आणि आपल्या देशातल्या नृत्याकडं वळा असं त्यांना पावलोव्हानंच सुचवलं. पुढं त्या भरतनाट्यम शिकल्या आणि १९३६ साली त्यांनी मद्रासला संस्था काढली, तेच आजचं कलाक्षेत्र. तुमचे गुरू त्याच परंपरेतले. "आमच्या घराण्यावर बॅलेवाल्यांचं एवढं देणं आहे," तुम्ही म्हणालात, "तर एक पोरगी मी तिकडं दिली म्हणून काय झालं?" आणि अलारिप्पू दुसऱ्या मुलीला दिलात. ती मुलगी छान नाचली. आम्ही समोर बसलो होतो, तुम्ही पडद्याआड. त्या दिवशी तुमच्याशी बोलायचं मला धैर्य झालं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

तुम्ही आम्हाला स्वप्नंही मोजून दिलीत. सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकादमी १७३८ पासून चालू आहे, दहाव्या वर्षाच्या आसपास निवडून घेतलेल्या मुलांना तिथं आठ वर्षं घडवतात. हे सांगितलंत ते तिला तिथं पाठवा म्हणून नाही, तर या कलेत किती काळ द्यावा लागतो ते आम्हाला कळावं म्हणून. आपल्याकडची उदाहरणंही तुम्हीच दिलीत. नवी मुंबईतल्या वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. दिल्लीच्या ई-रिक्षाचालकाचा मुलगा कमल सिंग सतराव्या वर्षी शिकायला लागला आणि २०२० साली इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलमध्ये पोचला. ह्यांनी ती दोन्ही नावं वहीत लिहून ठेवली आहेत. पण तुम्ही लगेच पुढं म्हणालात, ती नाही पोचली तरी ताठ कणा आणि संगीताचा कान तिच्याजवळ राहील, आणि एवढ्यासाठी पैसे आणि वर्षं घालायची तयारी असेल तरच जा. आम्ही दोन रात्री बोललो आणि तयारी आहे असं ठरवलं. ते ठरवताना आम्हाला कुणी फसवत नव्हतं, घाई करत नव्हतं, हे तुमच्यामुळं झालं.

लहानसहान मदत किती मोजू! शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच्या कन्नड नोंदी तुम्ही सुवाच्य अक्षरात मराठीत उतरवून दिल्यात, म्हणून पुण्याच्या शाळेत प्रवेशाचं काम अडलं नाही. चपलांना इलॅस्टिक कुठं शिवायचं ते टाच दुमडून, पेन्सिलनं खूण करून दाखवलंत. पहिल्या महिन्यात तिला पोटऱ्या दुखून रात्री झोप येईना, तेव्हा फोनवर तिच्याशी कन्नडमध्येच बोललात. तुमच्या वर्गात कानावर पडून पडून तिचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं झालं आहे, आणि पुण्यात ती ते बोलायला आसुसलेली असते.

आता इकडची खुशाली. उडीवरून खाली येताना पायाचा आवाज होऊ द्यायचा नाही, हे तिला सर्वांत जड गेलं. तट्टडवू म्हणजे भरतनाट्यममधला पाय आपटायचा मूळ अडवू, तो अंगात मुरलेला, तळवा आपोआप आपटायचा. बाई हसून म्हणायच्या, बेळगावची गाडी आली. आता आवाज जवळजवळ गेला आहे. पावलं आधी बोटं, मग चवडा, मग टाच अशी टेकतात. बारकडं तोंड करून उभं राहायचं संपलं, आता एक हात बारवर असतो. वर्ग संपताना गुरूला आणि पियानो वाजवणाऱ्याला वाकून वंदन करायची त्यांची रीत आहे, ती तिला कुणी शिकवावी लागली नाही. मी आणि ती आईकडं राहतो. हे शनिवारी रात्रीच्या बसनं येतात, रविवारी परततात. सोपं नाही, पण चाललं आहे.

दिवाळीत आम्ही महिना-पंधरा दिवस बेळगावला येतो आहोत. तिची एक मागणी आहे, ती मी तिच्या वतीनं मांडते. सुट्टीत सकाळी तुमच्या वर्गात बसायला, आणि तुम्ही हो म्हणालात तर मागच्या रांगेत उभं राहून पाय लांबवून टाच टेकवायचे नाट्टडवू करायला तिला यायचं आहे. इथल्या बाईंना विचारलं, त्यांची हरकत नाही, फक्त आपटण्याचे अडवू बेतानं घ्यावेत असं त्या म्हणाल्या. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे आणि तिस्र-चतुस्रवर अर्धवट राहिलेलं बोलणं पूर्ण करायला पुण्याला या म्हणून निरोप दिला आहे. तुमच्या सोयीच्या वेळा कळवा, त्याप्रमाणं तिला पाठवते.

तुमची ऋणी,
तुमच्या विद्यार्थिनीची आई
शहापूर, बेळगाव (सध्या पुणे)