विषय : ३०० चौरस फूट लॉनऐवजी लव्हाळ्याचं शेत करून दिल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
दि. १८ जुलै

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनला चौथा फोन केला. फोन ठेवतेय तोच मेसेज आला : ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कृपया पाच तारे द्या.’ म्हणून हे पत्र.

लॉनमध्ये थोडं लव्हाळ्याचं तण होतं, म्हणून तुमचं ‘लॉन पुनरुज्जीवन’ पॅकेज घेतलं. जागा २० बाय १५ फूट. १४,५०० रुपये आगाऊ दिले. भेटी दोन, ९ जून आणि १८ जून. नोंदी तुमच्याकडे असतीलच, नसल्या तर माझ्याकडे आहेत.

९ जूनला तुमच्या माणसांनी आधी लॉन जमिनीलगत भादरलं. चार इंच वाढलेलं गवत एकाच कापणीत अर्ध्या इंचावर आलं. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, हे तुमच्याच माहितीपत्रकात छापलेलं आहे. त्यानंतर दोन तासांनी तणनाशक फवारलं. हे औषध मुख्यतः पानातून आत जाऊन लव्हाळ्याच्या जमिनीखालच्या गाठीपर्यंत उतरावं लागतं. पानंच कापून ठेवल्यावर ते शोषायचं कुणी, खुंटांनी?

औषध हॅलोसल्फ्युरॉन होतं, असं तुमचा माणूस म्हणाला. असेलही. ते आलं होतं कोल्ड्रिंकच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत. लेबल नाही, घटक नाहीत, विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण नाही. ऊसवाले हे औषध एकरी ३६ ग्रॅम मारतात. त्या हिशेबाने ३०० चौरस फुटांना येतं जेमतेम पाव ग्रॅम, साधारण दीड लिटर पाण्यात, वर चिकटद्रव. पाव ग्रॅम भुकटी बाटलीच्या झाकणाने मोजतात, हे नवीनच कळलं. चिकटद्रव नव्हतंच. आणि तासाभरात पाऊस आला, जो सकाळपासून येणार हे आभाळाकडे बघून कुणालाही कळत होतं.

कडेचा लव्हाळा त्यांनी हाताने उपटला. लव्हाळा उपटायचा नसतो. त्याच्या गाठी जमिनीखाली दोऱ्यात ओवल्यासारख्या एकापुढे एक असतात, आणि पुढची जिवंत असेतो मागच्या बऱ्याचशा झोपलेल्या राहतात. वरून ओढलं की दोरा तुटतो आणि प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. तुम्ही तण काढलं नाहीत, जागं केलंत.

१८ जूनला पाव ब्रास लाल माती आणि शेणखत आलं. पाव ब्रास म्हणजे २५ घनफूट, ३०० चौरस फुटांवर बरोबर एक इंच. एक पोतं सोडून सगळं पसरलंत. जिवंत लॉनवर मातीचा थर पाव इंचाचा देतात, गवताची टोकं वर दिसत राहतील इतकाच. भादरलेल्या गवतावर इंचभर माती म्हणजे त्याचं दफन. लव्हाळ्याला इंचभर मातीचं काय? तो प्लास्टिकच्या कागदातूनही टोक काढतो. मग दोन किलो युरिया मुठीने फेकला. एवढ्या जागेला ३०० ग्रॅम पुरे, तोही समान पसरून, आणि लगेच भरपूर पाणी. तुमच्या मुठी जिथे सैल झाल्या तिथे आज बशीएवढे करपलेले डाग आहेत. मूळ लॉन सिलेक्शन वन जातीच्या गवताचं, तुम्ही भोकांत बसवल्या मेक्सिकन गवताच्या लाद्या. रंग वेगळा, पोत वेगळा. असो.

आता मुख्य मुद्दा. ‘तण तुमच्या जमिनीतच होतं’ असं तुमचं लेखी उत्तर आहे. थोडं होतंच, म्हणून तर बोलावलं. पण ते उरलेलं पोतं महिनाभर पार्किंगमध्ये पत्र्याखाली फरशीवर उभं आहे. माझ्या जमिनीशी त्याचा संबंध आलेला नाही. त्या पोत्याच्या विणीतून चारी बाजूंनी लव्हाळा बाहेर आलाय. ओळख सोपी आहे : दांडा दोन बोटांत फिरवून बघा, तीन कडा लागतात. गवताचा दांडा असा लागत नाही. लॉनमध्ये एक चौरस फूट खणून मोजल्या तर ३१ गाठी निघाल्या, त्यांतल्या बऱ्याच वरच्या इंचभर मातीत, म्हणजे तुमच्याच मातीत.

हे सगळं कालच्या फोनवर सांगितलं. २२ मिनिटं बासरी ऐकल्यावर एक ताई आल्या. म्हणाल्या, “मॅम, फोटो पाहिले. लॉन छान हिरवंगार आलंय की!”

मी म्हणाले, “ते लॉन नाही, लव्हाळा आहे.”

“कोणतं प्लांट म्हणालात, मॅम?”

“लव्हाळा. नागरमोथा.”

बटणांचा आवाज. मग अगदी प्रेमाने : “मॅम, नागरमोथा आपल्या पॅकेजमध्ये येत नाही. पण पावडर उपलब्ध आहे, १०० ग्रॅम. ऑर्डर घेऊ का?”

मी वरिष्ठांना मागितलं. ते आले आणि म्हणाले, “मॅडम, हिरवं आहे ना? मग तुम्ही त्याकडे निसर्ग म्हणून बघा.”

निसर्ग फुकट येतो. त्यासाठी १४,५०० रुपये कुणी देत नाही. आणि नागरमोथा मला विकत घ्यायची गरज उरलेली नाही, दिवाळीत अख्ख्या सोसायटीच्या उटण्याला पुरेल इतका तुम्ही पेरून गेला आहात.

तुमचं गांडूळखत सहा वर्षं घेतलं, चाळलेलं, स्वच्छ, एक काडी नाही. त्या भरवशावर हे पॅकेज घेतलं. त्याच कंपनीच्या पोत्यातून लव्हाळा निघावा याचं वाईट वाटतं.

फेरभेट नको. लव्हाळा चार-पाच पानांवर येऊ द्यायचा, फवारणीच्या आधी आणि नंतर दोन-दोन दिवस कापणीचं मशीन लावायचं नाही, पिवळा पडायला दोन-तीन आठवडे द्यायचे, सहा आठवड्यांनी फुटवे बघून दुसरी फवारणी. हे ज्यांना घाई न करता जमतं त्यांच्याकडून करून घेईन. पानं कापून खुंटांवर फवारणाऱ्यांकडून नाही.

१५ दिवसांत पूर्ण १४,५०० रुपये परत हवेत, आणि बाटलीत कोणतं औषध होतं, किती होतं, ते लेखी हवं. न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद आणि जिल्हा ग्राहक आयोगात सदोष सेवेची तक्रार. तिथे पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. मला घाई नाही, लव्हाळ्यालाही नाही.

पोतं पुरावा म्हणून ठेवलं आहे. बघायला या, पण उचलून दुसऱ्या ग्राहकाच्या लॉनवर टाकू नका.

ग्राहक क्रमांक पावतीवर आहे. पावतीची प्रत आणि अकरा फोटो सोबत.