गिरणीवाल्याच्या छातीतली बॅटरी : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

पुसद तालुक्यातल्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्वारी दळताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी चालू पट्ट्यापासून हातभर अंतरावर कोसळलो. नाडी ३२ वर आली होती. हार्ट ब्लॉक म्हणाले. गावात अजून सगळे ‘ब्लॉकेज होतं’ असंच सांगतात. नस चोंदणं वेगळं आणि हृदयाची वायरिंग तुटणं वेगळं, हे मीही नागपूरला जाऊनच शिकलो.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून माझा पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोके देणारं छातीतलं बॅटरीचं मशीन, एक रुपया न देता बसला. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून आपल्याला वाटेल, माणूस उपकार विसरला. योजना नसती तर वावर विकावं लागलं असतं किंवा मीच राहिलो नसतो.

चौथ्या दिवशी सुट्टी झाली. टाके, गोळ्या, डावा हात महिनाभर खांद्याच्या वर न्यायचा नाही, एवढं सांगितलं. हातात एक कार्ड दिलं, सगळं इंग्रजीत. योजनेच्या कागदावर माझी केस तिथे संपली. माझ्या घरात मात्र प्रश्न त्या दिवसापासून सुरू झाले. पहिला प्रश्न शेजाऱ्याचा : “लाइट गेल्यावर याचं काय होतं?” हसलो आम्ही. दुसरा प्रश्न माझा होता, त्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. गिरणीच्या मोटारीपासून किती लांब उभं राहायचं? एक डॉक्टर म्हणाले, काही होत नाही. दुसरे म्हणाले, धंदा बदला. आमच्याकडे रानडुकरांसाठी बांधाबांधाला झटका मशीनच्या तारा असतात, वेल्डिंगवाला माझ्या भिंतीला लागून आहे. मोबाइल वरच्या खिशात ठेवू नका, वीतभर लांब धरा, एवढं एकच उत्तर सगळ्यांकडून सारखं मिळालं.

साहेब, पेसमेकर बसवला की विसरायची वस्तू नाही. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते आणि तोवर ठरावीक महिन्यांनी मशीन तपासावं लागतं. तपासणीला सुई नाही, रक्त नाही. छातीवर एक चकती ठेवतात, समोरच्या कॉम्प्युटरवर बॅटरी किती उरली, वायर जागेवर आहे का, शंभरातले किती ठोके मशीन देतंय, सगळं दिसतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. अडचण एवढीच की प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही, आणि मी जिथे जात होतो तिथे तो चालवणारा माणूसही कंपनीचाच.

पहिल्या तपासणीला गेलो, झाली. दुसऱ्या वेळी सकाळपासून बाकावर बसलो, चार वाजता कळलं की कंपनीचा माणूस आज येणार नाही. तिसऱ्या वेळी कळलं, त्याने नोकरी सोडली, नवा अजून यायचाय. पुसदहून नागपूर म्हणजे एसटीत पाच-सहा तास. मी एकटा जाऊ शकत नाही, बायको सोबत. गिरणी दोन दिवस बंद, रात्र काढायला लॉज, आणि परत येऊन सांगायचं की भेट झाली नाही. त्यानंतर मी जाणं सोडलं. चूक माझी आहे, मान्य करतो. चक्कर येत नव्हती, वाटलं मशीन चालतंय ना.

पुढची अडीच वर्षं मशीन चालत राहिलं. थकत गेलो तो मी. आधी पोतं उचलणं बंद झालं, मग देवळाच्या पायऱ्या. संध्याकाळी पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. कुणी गॅस म्हणालं, कुणी वय म्हणालं, एका ठिकाणी लघवीची गोळी मिळाली आणि बरं वाटलं म्हणून आणखी चार महिने गेले. छातीत बॅटरी असलेल्या माणसाला दम लागला तर आधी ती बॅटरी आणि हृदय तपासायला पाठवावं, हे कुणाच्याच तोंडून निघालं नाही.

शेवटी मुलाने ओढत नेलं. माझे ९९ टक्के ठोके मशीन देत होतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला. पेसमेकर बसवताना हृदयाचं पंपिंग ६० टक्के होतं, आता ३८. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फार छान समजावलं. वायर उजव्या खालच्या कप्प्यात असते. करंट तिथून निघतो, म्हणून एक बाजू आधी आकसते आणि दुसरी मागून. जोडीतला एक बैल आधी ओढतो, दुसरा उशिरा, आणि जू वाकडं होतं. सगळ्यांचं असं होत नाही. ज्यांचे बहुतेक ठोके मशीनवर असतात त्यांच्यातल्या काहींचं हृदय मात्र हळूहळू कमजोर पडतं. मी विचारलं, आधी कळलं असतं का? त्या म्हणाल्या, वर्षाला एक इको झाला असता तर कळलं असतं. आता चार गोळ्या चालू आहेत आणि दोन्ही बाजू बरोबर चालाव्यात म्हणून आणखी एक वायर टाकायची का, यावर विचार चाललाय.

मुलाने मला मोबाइलवर एक गोष्ट वाचून दाखवली. शरीराच्या आत बसवायचा जगातला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाला बसवला. तो काही तासांत बंद पडला. त्या माणसाला आयुष्यात वीसहून जास्त पेसमेकर बसले आणि तो २००१ पर्यंत जगला. मला त्यात मशीनपेक्षा एका गोष्टीचं जास्त नवल वाटलं. त्रेचाळीस वर्षं त्याच्या मशीनवर कुणाचं तरी लक्ष होतं.

२०२३ मध्ये सरकारने योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करायचा निर्णय घेतला. चांगलं केलं. माझं मागणं त्या मानाने फार स्वस्त आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातला एक दिवस पेसमेकर तपासणीचा ठरवा. ज्या कंपन्यांचे पेसमेकर योजनेत बसतात, त्यांना खरेदीच्या करारातच अट घाला, की त्या दिवशी तुमचा कॉम्प्युटर आणि माणूस तिथे हजर पाहिजे. माणूस कंपनीचा असण्यापेक्षा सरकारी तंत्रज्ञ शिकवून तयार केला तर आणखी बरं, तो नोकरी सोडून गेला तरी खुर्ची राहते. माझ्या ऑपरेशनच्या वेळी योजनेच्या माहितीत फेरतपासणीची १२१ पॅकेजेस असल्याचं लिहिलेलं होतं. त्यात पेसमेकरची तपासणी आणि वर्षाचा इको बसतो का, हे मला काउंटरवर कुणी सांगू शकलं नाही. बसत असेल तर सुट्टीच्या कागदावर ठळक छापा. बसत नसेल तर बसवा.

आणि ते कार्ड मराठीत द्या. त्यावर मोटार, वेल्डिंग, झटका मशीन, एमआरआय यांचं काय करायचं ते लिहा. पाय सुजले, दम लागला, बॅटरीच्या जागी लाली किंवा पू दिसला तर गोळी न घेता कुठे जायचं ते लिहा. शेवटी एक ओळ अशीही लिहा, जी बोलायला सगळ्यांना जड जाते : माणूस गेला तर अग्नी देण्याआधी पेसमेकर काढून घ्यावा, आगीत त्याचा स्फोट होऊ शकतो. मी मुलाला हे सांगितलं तेव्हा तो उठून बाहेर गेला. त्याची आई अजून माझ्याशी त्यावर बोलत नाही. छापील कागदाने सांगितलं असतं तर मला सांगावं लागलं नसतं.

माझी पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. पहाटेची एसटी धरायची आहे. फोन केला होता, म्हणाले, माणूस बहुतेक येईल.

आपला,
एक गिरणीवाला
तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ