उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : मोबाइल आहे, शोधायला कोण शिकवणार?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

स. न. वि. वि.

नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी गेली चौदा वर्षे काम करते. ही सगळी वर्षे अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर गेली आहेत. बारावा महिना कागदोपत्री माझ्या आयुष्यात येतच नाही, पण त्या महिन्यातही पुस्तके देणे-घेणे चालू असते आणि ते मीच करते.

गेल्या मंगळवारी नव्या सत्राचे वेळापत्रक लागले. पदवीच्या पहिल्या वर्षासाठी ग्रंथालयाचा वापर आणि माहितीचा शोध हा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय या वर्षापासून सुरू होईल, असे मला मागच्या वर्षी एका बैठकीत सर्वांदेखत सांगण्यात आले होते. अभ्यासक्रमाचा मसुदा मी दिवाळीच्या सुट्टीत लिहिला, आणि त्याच्या दोन प्रती ‘उद्याच्या उद्या’ हव्यात असा निरोप आल्यामुळे रात्री अशोक स्तंभाजवळच्या दुकानात जाऊन पदरच्या पैशांनी छापून आणल्या. वेळापत्रकात तो विषय नाही. त्याऐवजी ऑगस्टमधील एका शनिवारी ‘ग्रंथालय परिचय’ अशी चाळीस मिनिटांची नोंद आहे, सव्वादोनशे विद्यार्थ्यांसाठी, एकत्रित. विचारायला गेले तेव्हा संबंधितांनी समोरच्या कागदावरून मान वर न करता सांगितले, ‘‘मॅडम, आता मुलांना शोधायला शिकवावं लागत नाही. मोबाइल आहे ना प्रत्येकाच्या हातात.’’

हे वाक्य आपल्या कानावर घालणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या विभागाचा कारभारही याच समजुतीवर चालत असावा, अशी मला शंका आहे.

मोबाइलमध्ये काय सापडते ते सांगते. सुरगाण्याकडून आलेल्या, घरातून महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या पहिल्याच मुलाने काळाराम मंदिर सत्याग्रहावर प्रकल्प घेतला. त्याने आणलेल्या संदर्भसूचीत बारा नोंदी होत्या. लेखक, प्रकाशक, पृष्ठक्रमांक सर्व काही व्यवस्थित होते, आणि त्यांपैकी सात पुस्तके या पृथ्वीतलावर कोणी लिहिलेलीच नव्हती. चॅटबॉटने ती त्याला रचून दिली होती. शिवाय महाडच्या चवदार तळ्याचा 1927 मधील तपशील आणि 2 मार्च 1930 रोजी नाशिकमध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहाचा तपशील एकाच परिच्छेदात कालवलेला होता. मुलगा लबाड नव्हता. पुस्तक अस्तित्वात आहे की नाही हे तपासता येते, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी असेच रचलेले खटले न्यायालयापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. ते तर मुरलेले वकील होते; आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे.

त्याच्याबरोबर मी तीन दुपारी बसले. ग्रंथालयाच्या सूचीत लेखकावरून आणि विषयावरून वेगवेगळे शोधायचे कसे, ‘शोधगंगा’ या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावरील प्रबंधाचे शेवटचे प्रकरण उघडून त्याच्या संदर्भसूचीतून पुढची वाट कशी काढायची, अवतरणचिन्हांत शब्द टाकले की शोध कसा आवळला जातो, हे त्याला दाखवले. तरीही जुने इंग्रजी कागद त्याला सापडेनात. मग मी सांगितले की इंग्रजी अमदानीत नाशिकच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ नसे. 1883 च्या गॅझेटियरच्या मुखपृष्ठावरही ते तसेच छापलेले आहे. त्याने एक अक्षर खोडले आणि पडद्यावर पानेच्या पाने उघडली. त्याचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा तो चाळीस मिनिटांच्या ‘परिचया’त सव्वादोनशे जणांचा होणार नाही, महोदय. मी हिशेब केला आहे. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अकरा सेकंद येतात.

दुसरे उदाहरण थोडक्यात सांगते. निफाड तालुक्यातील एका विद्यार्थिनीने लासलगावच्या कांदा बाजारावर लिहिताना भावांच्या तक्त्यातला फक्त कमाल भावाचा रकाना उचलला आणि कांदा उत्पादक सुखात असल्याचा निष्कर्ष काढला. तिचे वडील त्याच बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन जातात आणि सरासरी भावालाही महाग होऊन परततात. किमान, कमाल आणि सरासरी या तीन रकान्यांपैकी कोणता आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे कळणे म्हणजेच माहिती वाचता येणे होय. ते मोबाइल शिकवत नाही.

आता आपल्या व्यवस्थेकडे वळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत शिक्षेच्या पायऱ्या चोख आखलेल्या आहेत. प्रबंधात दुसऱ्याच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळले तर शिक्षा नाही. चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे. साठपर्यंत गेले तर एक वर्ष बंदी. त्यापुढे नोंदणीच रद्द. हे आकडे आमच्याकडे शिपायालाही पाठ आहेत. परंतु त्याच नियमांत असेही म्हटले आहे की संस्थेने प्रत्येक सत्रात याविषयी जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत आणि प्रामाणिक अभ्यासाची तत्त्वे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमात सक्तीने समाविष्ट करावीत. शिक्षेचे पान सर्वांनी वाचले, शिकवण्याचे पान मात्र चिकटूनच राहिले. साम्य तपासण्याच्या सॉफ्टवेअरसाठी निविदा निघते, पण साम्य येऊ नये म्हणून एक तासिका मागितली की वेळापत्रकात जागा नसते.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी मात्र 2019 च्या अखेरीस आयोगाने संशोधन आणि प्रकाशनातील नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला, हे खरे आहे. म्हणजे शाळेपासून एम.ए.पर्यंत सतरा वर्षे मुलाने नोट्स उतरवून काढायच्या आणि मग तिशीकडे झुकल्यावर त्याला सांगायचे की दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून लिहू नये. तहान लागल्यावर विहीर खणतात असे ऐकले होते. येथे माणूस बुडाल्यावर पोहण्याचा वर्ग भरतो. दरम्यान नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प आला आहे. तो करणाऱ्याने शोधायला कुठे शिकायचे, हे त्या धोरणाच्या कोणत्याही परिपत्रकातून माझ्यापर्यंत पोहोचलेले नाही.

आयोगाच्या ‘केअर’ यादीचेही तसेच झाले. कोणते नियतकालिक विश्वासार्ह आहे हे ठरवण्यासाठी यादी आली आणि प्राध्यापकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांनी डोके बाजूला ठेवून यादी हातात घेतली. 2025 च्या फेब्रुवारीत ती यादी बंद झाली आणि आता आपापल्या विवेकाने ठरवा, असे सांगण्यात आले. संपादक मंडळ खरे आहे का, लेख तज्ज्ञांकडून तपासला जातो का, आठ दिवसांत छापून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस कोण आहे, हे पाहायला ज्यांना कधीच शिकवले नाही, त्यांनी हा विवेक कोणत्या दुकानातून आणायचा? मागच्या महिन्यात दोन प्राध्यापक माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, तुमच्याकडे ती जुनी यादी असेलच ना?’’

पैशांची अडचण आहे, असे कृपया सांगू नये. संशोधन नियतकालिके ऑनलाइन वाचायला देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्यात तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके आहेत आणि लाभार्थी पावणेदोन कोटींच्या वर सांगितले जातात. मी पाकिटाच्या मागच्या बाजूला भागाकार केला, तो दरडोई वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास येतो. योजना चांगली आहे आणि तिचे श्रेय मी देते. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. आमच्यासारख्यांकडे ‘एन-लिस्ट’ ही महाविद्यालयांसाठीची ई-साहित्याची योजना आहे, त्यातही सहा हजारांहून अधिक ई-नियतकालिके आहेत, आणि मी शेकड्यांनी नावे भरून लॉगइन वाटते. बहुतेकांनी पासवर्डचा ईमेलसुद्धा उघडलेला नाही. कोणी एक तास बसून दाखवले असते तर उघडला असता. माझ्या या दाव्याला पुरावा म्हणून सुरगाण्याचा तो मुलगा पुरेसा आहे.

आणि दाखवणार कोण? विद्यापीठ कायद्याने 2016 मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथपालाला ‘ज्ञानस्रोत केंद्राचे संचालक’ केले, त्यानंतर आमच्याही दारावर ‘ज्ञानस्रोत केंद्र’ अशी पाटी लागली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! 2018 मध्ये राज्यभरातील महाविद्यालयांसाठी पदभरतीची घोषणा झाली, तीत सहायक प्राध्यापक साडेतीन हजारांवर होते आणि ग्रंथपाल 163. आमच्या ज्ञानस्रोतात मी आहे, आणि एक परिचर आहेत, ज्यांची सध्या परीक्षा विभागात बदली आहे. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती यायची असते तेव्हा वाचनकक्षाला रंग लागतो, मुलांना पुस्तके उघडून बसवले जाते (एकदा एकाने पुस्तक उलटे धरले होते, ते छायाचित्र अहवालात तसेच गेले), आणि समिती गेली की त्याच कक्षात पुन्हा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिनी मला गुलाबाचे फूल मिळते. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाची छायाचित्रे पाच वाजेपर्यंत अपलोड करावी लागतात, त्यामुळे त्या दिवशी वाचायला कोणालाच वेळ होत नाही. माझा पगार तीन महिने थकला आहे. शिडीवरून पडून मनगट मोडले त्याचे बिल ‘नियमित कर्मचारी नसल्यामुळे’ परत आले. धुळीने लागलेला खोकला आता पावसाळा-उन्हाळा पाहत नाही, आणि माझी मुलगी विचारते की तू अजून का जातेस. हे रडगाणे या पत्रात नको, असे मी ठरवले होते. ते आलेच आहे तर राहू द्यावे.

सिंहस्थ तोंडावर आल्याने सध्या नाशिकमध्ये रस्ते, पूल आणि घाट यांच्या बैठका रात्रंदिवस होत आहेत. त्याला माझी हरकत नाही. मात्र याच शहरात मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, 1840 पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहे, आणि या तिन्हींच्या सावलीत शिकणाऱ्या मुलाला खऱ्या पुस्तकात आणि रचलेल्या पुस्तकात फरक करता येत नाही, यावर एकही बैठक झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझे मागणे फार नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी दोन श्रेयांक सर्व शाखांना सक्तीचे असावेत, ते ग्रंथपालाने शिकवावेत, आणि त्या शिकवण्याला तासिका म्हणून मान्यता व मोबदला असावा. परीक्षा पाठांतराची नसावी. विद्यार्थ्याने एक प्रश्न घ्यावा, त्याची दहा साधने शोधावीत आणि त्यांतली कोणती टाकली व का टाकली, हे लिहून द्यावे. ग्रंथपालांची रिक्त पदे भरावीत, हे मी लिहिते आहे, पण ते मी दर वर्षी लिहिते.

मसुद्याच्या त्या दोन प्रती सध्या कोणत्या कपाटात आहेत, हे कोणालाच सांगता आले नाही. तिसरी प्रत माझ्याकडे आहे. आपल्या कार्यालयाने मागितल्यास टपालाने पाठवीन, मात्र या वेळी मला पोचपावती हवी आहे.

आपली,
एक कंत्राटी ग्रंथपाल,
नाशिक