खांद्यासाठी आलेल्या रुग्णाचे पोट जाणून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंस

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र बंद पाकिटात घालून तुमच्या हाती देता आले असते. ते उघडपणे लिहीत आहे, कारण ज्या दुखण्यातून तुम्ही मला वाट दाखवलीत त्याविषयी चारचौघांत कोणी बोलत नाही, आणि कोणी बोलत नाही म्हणून ते भोगणाऱ्याला वाटत राहते की जगात एवढे आपल्या एकटीच्याच वाट्याला आले आहे. पोटात कोंडलेला वारा हे ते दुखणे. नाव घेतले की समोरच्याच्या ओठांवर हसू येते. ज्याला ते कधी रात्रभर भोगावे लागले आहे, तो मात्र हसत नाही.

मला शोग्रेन सिंड्रोम आहे, हे तुमच्या कागदावर होतेच. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळग्रंथींवर आणि अश्रुग्रंथींवर उलटते, तोंड आणि डोळे कोरडे पडतात, सांधे धरतात, आणि काही काम न करताही अंगात थकवा भरून राहतो. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. हा आजार होणाऱ्या दर दहा जणांमागे साधारण नऊ स्त्रिया असतात, आणि म्हणून की काय, ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ हे वाक्य आम्हांला फार ऐकावे लागते. त्याच्या जोडीला आयबीएस, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम हे आतड्याचे दुखणे आले. आतड्याला जखम नाही, सूज नाही, तपासण्या स्वच्छ, आणि तरीही पोटात मुरडा, कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गुबारा. डाव्या बरगडीखाली, जिथे मोठे आतडे वळण घेऊन खाली उतरते, तिथे वारा अडकला की कळ छातीपर्यंत चढते, खांद्यात जाते आणि श्वास अर्ध्यावर थांबतो.

अशाच एका कळेने मला एकदा रात्री इस्पितळात नेले. हृदयाचा आलेख काढला गेला, तो व्यवस्थित निघाला, आणि छातीपर्यंत जाणारी कळ असेल तर तो काढलाच पाहिजे याबद्दल मला शंका नाही. परंतु आलेख हाती येताच तेथील डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहता शेजारच्या सहकाऱ्याला सांगितले, ‘काही नाही, गॅस आहे.’ त्या ‘काही नाही’ने मला जेवढे दुखावले तेवढे त्या रात्रीच्या कळेनेही दुखावले नसेल. घाम फुटून माणूस पलंगावर दुमडला गेला आहे, हे दिसत असूनही त्याच्या दुखण्याची किंमत त्याच्या कारणावरून ठरवली गेली. पुढे पोटाच्या तज्ज्ञांनी सांध्यांचे औषध पाहिले नाही, सांध्यांच्या तज्ज्ञांनी पोटाचे ऐकून घेतले आणि पोटाच्या तज्ज्ञांकडे परत पाठवले. आम्लपित्ताच्या गोळ्या बदलल्या गेल्या. एकाने तर ‘यासोबत जगायला शिका’ एवढेच सांगितले, पण कसे जगायचे ते शिकवायला त्यांना वेळ नव्हता.

तुमच्याकडे मी आले ती खांद्यासाठी. पोट हा तुमचा विषयच नव्हता.

त्या दिवशी तुम्ही मला उताणे झोपवून हात डोक्याच्या बाजूला नेत होतात आणि मध्येच डाव्या बाजूला कळ उठली. मी काही बोलले नाही. दात आवळून छताकडे पाहत राहिले, कारण वारा सरला असता तर कळ उतरली असती हे मला ठाऊक होते, आणि परक्या माणसासमोर तो सरू देण्यापेक्षा कळ सोसणे मला सोपे वाटत होते. तुम्ही हात थांबवलात. खांदा दुखत नाही हे तुम्हांला माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे, कारण तुम्ही खांद्याविषयी एक शब्दही विचारला नाही. ‘कुठे? एक बोट ठेवून दाखवा,’ एवढेच म्हणालात. मी बरगडीखाली बोट ठेवले. तुम्ही मला डाव्या कुशीवर वळवलेत, गुडघे छातीशी घ्यायला लावलेत, पाठीशी उशी सरकवलीत आणि पडदा ओढलात. मग खोलीच्या कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेलात, नळ पुरता सोडलात, आणि माझ्याकडे पाठ करून हात धूत उभ्या राहिलात. ‘तुमचं तुम्ही सावकाश होऊ द्या, मला घाई नाही,’ असे म्हणालात. नळ वाहत राहिला. पाण्याच्या त्या आवाजात माझा आवाज बुडून गेला, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच मला दुसऱ्या माणसाच्या उपस्थितीत वेदनेतून सुटता आले.

तुमच्या कारकिर्दीत त्या चार-पाच मिनिटांची नोंद कुठेही झालेली नसेल. पण बाई, माझ्यावर आजवर जे उपचार झाले त्यांत मी त्या नळाला पहिला मान देते. तुम्ही ‘लाजू नका’ असे म्हणाला नाहीत. लाजू नका म्हटल्याने लाज जात नाही, उलट समोरच्याने ती पाहिली आहे एवढेच पक्के होते. तुम्ही माझी लाज जशी होती तशी मान्य केलीत आणि तिला आडोसा दिलात. हे सुचायला वैद्यकाचे शिक्षण लागते असे मला वाटत नाही. दुसऱ्याच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून पाहण्याची सवय लागते, आणि ती सवय कामाच्या रगाड्यातही मोडू न देणे हे फार कठीण आहे. मी परतले तेव्हा रस्त्यात रडले. दुःखाने नव्हे, इतक्या दिवसांनी कोणी माणसासारखे वागवले म्हणून.

त्यानंतर तुम्ही विचारलेला प्रश्नही तितकाच साधा होता. ‘तोंडात काय आहे?’ तोंडात च्युइंगम होते. ते नेहमीच असायचे. तुम्ही पाकीट मागून घेतलेत, ते उलटे केलेत आणि खिडकीच्या उजेडात धरून त्यावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचलीत: सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल, आणि सर्वांत खाली, अतिसेवनाने जुलाब होऊ शकतात. दिवसाला साधारण किती खाता, हे विचारलेत, आणि मी सांगितल्यावर तुमच्या भुवया उंचावल्या, पण तुम्ही मला बोल लावला नाहीत, कारण ते मला डॉक्टरांनीच सांगितले होते आणि तो सल्ला त्याच्या जागी बरोबर होता. चघळल्याने उरलेल्या लाळग्रंथी थोड्या जाग्या होतात, आणि लाळ कमी असलेल्या तोंडात दात फार लवकर किडतात म्हणून च्युइंगम बिनसाखरेचे असावे लागते. फक्त त्या साखरेच्या जागी जे घातलेले असते ते लहान आतड्यात पुरते शोषले जात नाही. ते पाणी ओढून घेते आणि मोठ्या आतड्यात पोहोचले की तिथले जिवाणू ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, काही जणांच्या पोटात मिथेनही होतो. शिवाय चघळताना हवा गिळली जाते, आणि कोरड्या घशासाठी सारखे पाण्याचे घोट घेताना ती आणखी गिळली जाते. बर्लिनच्या डॉक्टरांनी २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन रुग्णांची हकिकत दिली होती. सततचे जुलाब आणि झपाट्याने उतरलेले वजन यांचे मूळ रोजच्या च्युइंगममधल्या सॉर्बिटॉलमध्ये सापडले होते. ती मी नंतर वाचली आणि मनात आले की एका आजाराचा उपाय दुसऱ्याला पोसत होता, आणि एवढ्या तज्ज्ञांपैकी कोणालाही माझ्या तोंडात काय आहे हे विचारावेसे वाटले नव्हते.

तुम्ही ‘आजपासून बंद करा’ असा हुकूम सोडला नाहीत, हेही मला इथे लिहायचे आहे. ‘दातांच्या डॉक्टरांना आणि शोग्रेनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका, आणि आहारतज्ज्ञांना हे पाकीट नेऊन दाखवा,’ असे तुम्ही सांगितलेत. सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी झाली आहे का, हेही तुम्हीच विचारलेत. शोग्रेनसारखा एक ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा, आजार असलेल्याला दुसरा असण्याची शक्यता जास्त असते, आणि गहू सोडल्यानंतर ही तपासणी केली तर तिचा निकाल फसवा येऊ शकतो, हे तोवर मला कोणी सांगितले नव्हते. ती तपासणी निर्दोष आली. च्युइंगमच्या जागी कृत्रिम लाळेचा जेल आणि दातांसाठी फ्लोराइड आले. आहारतज्ज्ञांनी मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेला फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबणारी कर्बोदके कमी करणारा आहार, काही आठवड्यांपुरताच दिला आणि मग एकेक पदार्थ परत आणायला लावला, कारण तो जन्मभर पाळायचा उपास नव्हे हे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले होते. हे सगळे यथावकाश झाले, त्याचा तपशील तुम्हांला ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट तुम्ही मला समजावून दिलीत, तिने माझा स्वतःविषयीचा राग गेला. माझ्या पोटात इतरांपेक्षा फार जास्त वारा होत असेल असे नाही, असे तुम्ही म्हणाला होतात, तेव्हा मला ते पटले नव्हते. पुढे वाचनात आले की १९७५ सालापासून हे मोजून पाहिले गेले आहे आणि पोट फुगण्याची तक्रार असलेल्यांच्या आतड्यातला वायू निरोगी माणसांइतकाच भरला होता. फरक असतो तो वायू पुढे सरकण्यात आणि आतड्याच्या मज्जातंतूंच्या हळवेपणात. भाजलेल्या कातडीला मऊ पदरही टोचतो, तसे आयबीएसमधल्या आतड्याला साधा ताणही कळ म्हणून जाणवतो. म्हणजे माझी वेदना खरी होती, आणि ती मोठी करून सांगते असे ज्यांना वाटले त्यांनी तिचे कारण तपासण्याच्या कागदांवर शोधले, जिथे ते दिसणारच नव्हते. पोट फुगते तेव्हा अनेकांचे श्वासपटल खाली दाबले जाते आणि पोटाचे पुढचे स्नायू सैल पडतात, म्हणून पोट आणखी पुढे येते, हेही तुम्ही मला माझाच हात माझ्या पोटावर ठेवून दाखवलेत. खालच्या बरगड्या रुंद होतील असा सावकाश श्वास, उच्छ्वास लांब, खांदे सैल. ज्या खांद्यासाठी मी आले होते तोही त्या श्वासाने मोकळा झाला. कळ उठली की आजही मी तेच करते, डाव्या कुशीवर वळते, गुडघे पोटाशी घेते, पवनमुक्तासनात जमेल तितकी राहते, आणि घाबरून श्वास रोखून धरत नाही.

ज्यांनी मला आधी परत पाठवले त्यांच्याविषयी मनात कडवटपणा नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. त्यांच्याकडे रांग मोठी होती, हे मला दिसत होते. रांग तुमच्याही दाराबाहेर होती. नळ सोडायला वेळ लागत नाही, पाकीट उलटे करायला लागत नाही, ‘कुठे दुखते’ विचारून उत्तर संपेपर्यंत गप्प राहायलाही फारसा लागत नाही. चांगुलपणा म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठे त्याग येतात. माझ्यासारख्या दीर्घ आजारी माणसाचा दिवस मात्र लहान वागणुकींवर तरतो किंवा बुडतो: कोणी खुर्ची पुढे केली, कोणी स्वच्छतागृह कुठे आहे हे न विचारता सांगितले, कोणी जेवताना ‘एवढेच?’ असे म्हटले नाही. असे वागणारी माणसे जगात पुष्कळ आहेत, आणि बहुधा त्यांना आपण काही केले हे कळतही नाही. तुम्हांला कळावे म्हणून हे लिहिले.

मी बरी झालेली नाही. शोग्रेन जाणार नाही, आयबीएसही येत-जात राहील, आणि थकव्याचे दिवस आले की पोट पुन्हा रुसते. पण कळा आता विरळ झाल्या आहेत, रात्री झोप लागते, आणि मुख्य म्हणजे दुखते तेव्हा घरातल्या माणसांना मी ‘वारा धरला आहे, मला थोडा वेळ एकटे राहू द्या’ असे सरळ सांगते.

तुमच्या हाताखाली शिकाऊ विद्यार्थिनी असतात, हे मी पाहिले आहे. त्यांना पोटावर हात ठेवून श्वास शिकवायचा असेल आणि त्यासाठी एखादा खरा रुग्ण हवा असेल, तर मला अवश्य बोलवा. वार कोणताही चालेल, सकाळची वेळ मला जास्त सोयीची आहे. त्या जे विचारतील त्याचे, गॅसविषयीच्या सगळ्या प्रश्नांसह, मी मोकळेपणाने उत्तर देईन.

आपली कृतज्ञ,
तुमची एक रुग्ण